साठवणीचें धान्य व त्यास लागणारी कीड

शेतांत पीक येणें आणि तें वर्षभर घरांत टिकणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठीं शेतकरी नांगरटीपासून खळ्यापर्यंत महिनेच्या महिने राबतो. दुसरीसाठीं त्याच्या हातून आठ दिवसांचीही मेहनत होत नाहीं. रब्बीची ज्वारी उफणून झाली, पोतीं घरीं आलीं, कणगी भरली, कीं वर्षाची चिंता मिटली असें आपण समजतों. पुढें श्रावणांत कणगीचें तोंड उघडावें, तों आंतून ऊब येते, हाताला पीठ लागतें आणि मुठींत घेतलेला दाणा निम्मा पोकळ निघतो. तेव्हां दोष पावसाळ्यास किंवा दैवास दिला जातो. खरा दोष बहुधा चैत्र-वैशाखांतच घडलेला असतो. तो कोणता व तो कसा टाळतां येईल, हें ह्या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न केवळ चार पायली धान्य वायां जाण्याचा नाहीं. ज्यास आपल्या कणगीचा भरंवसा वाटत नाहीं तो सुगीच्या दिवसांत, म्हणजे बाजार मालानें भरलेला व भाव पडलेला असतांना, धान्य विकून मोकळा होतो. आणि तेंच धान्य भाद्रपदांत चढ्या भावानें विकत आणतो. ज्याचें धान्य टिकतें तो आपल्या सोयीनें विकूं शकतो. म्हणून साठवण ही शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याची बाब आहे, असें आम्ही समजतों.

आमच्याच घरची एक हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं बारा क्विंटल मालदांडी ज्वारी चांगली कडक वाळवून नव्यानें सारवलेल्या कणगींत भरली. मागील सालची अर्धें पोतें ज्वारी शिल्लक होती. ती आधीं खाऊन संपावी म्हणून नव्या ज्वारीवर ओतली व वर झांकण घातलें. नागपंचमीच्या सुमारास पाहतों तों वरचा हातभर थर किड्यांनीं वळवळत होता, आणि खालचें धान्यही पिठूळ होऊं लागलें होतें. ज्वारी चांगली होती, कणगी चांगली होती, उन्हंही भरपूर दिलीं होतीं. चूक एकच झाली होती: कीड आम्हीं स्वतःच्या हातानें आंत नेऊन घातली होती.

कीड येते कोठून?

धान्यांत कीड आपोआप उत्पन्न होते, दमट हवेनें ती दाण्यांतच तयार होते, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो खरा नाहीं. प्रत्येक किडा अंड्यांतून येतो, आणि तें अंडें दुसऱ्या किड्यानें घातलेलें असतें. ही गोष्ट एकदां मनांत ठसली कीं पुढील सर्व उपाय आपोआप सुचूं लागतात.

ज्वारी, गहूं, तांदूळ व मका ह्यांचा मुख्य शत्रु म्हणजे सोंड्या. ह्यास कित्येक ठिकाणीं टोका असेंही म्हणतात. हा सुमारें तीन मिलिमीटर लांबीचा, काळपट तपकिरी असून त्याच्या तोंडास पुढें सोंड असते. मादी ह्या सोंडेनें दाण्यास बारीक भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते आणि चिकट द्रवानें तें भोंक बुजवून टाकते. वरून पाहणारास दाणा अगदीं निर्दोष दिसतो. आंत अळी निघते, दाण्याचा गर खाऊन वाढते, तेथेंच कोषांत जाते, आणि किडा होऊन भोंक पाडून बाहेर येते. तीस अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता असली कीं हा सारा प्रकार सुमारें एका महिन्यांत पुरा होतो. एक मादी आपल्या आयुष्यांत तीनशेंच्या वर अंडीं घालूं शकते.

आतां थोडा हिशेब करून पाहूं. एका मादीपासून महिन्यास केवळ वीसच किडे जगले, व त्यांत निम्म्या माद्या निघाल्या असें धरूं. वैशाखांतील एका मादीचे ज्येष्ठांत २०, आषाढांत २००, श्रावणांत २,००० आणि भाद्रपदांत २०,००० किडे होतात. म्हणून वैशाखांत कणगी स्वच्छ दिसते आणि भाद्रपदांत ती एकाएकीं किडली असें वाटतें. कीड एकाएकीं येत नाहीं. ती आपल्याला एकाएकीं दिसते एवढेंच.

सोंड्याचे सोबती आणखी आहेत. दाणे पोखरणारा भुंगेरा लांबट गोल अंगाचा असून तो व त्याची अळी दोघेही दाण्याचें पीठ करतात. तांबडा पीठकिडा सबंध, टणक दाण्यास सहसा इजा करूं शकत नाहीं. तो फुटक्या दाण्यांवर व पिठावर जगतो. म्हणून चुरा व फुटके दाणे चाळून काढणें हाच त्याच्यावर मोठा उपाय होय. खपरा भुंगेऱ्याची केंसाळ अळी भिंतीच्या भेगांत अन्नावांचून दीर्घकाळ, प्रसंगीं वर्षानुवर्षें, जिवंत राहते, आणि कोरड्या धान्यांतही ती वाढते. पाकोळ्या मात्र ढिगाच्या वरच्या थरांतच राहतात. त्यांपैकीं एकीच्या अळ्या दाण्यांस जाळी धरवितात.

ही सर्व मंडळी आपल्या घरीं तीन वाटांनीं येतात. पहिली, रिकाम्या कणगीच्या व बळदाच्या भेगांत राहिलेले गेल्या सालचे दाणे. दुसरी, जुनीं पोतीं, चाळण्या, गाडी व मळणीयंत्र. तिसरी, प्रत्यक्ष शेत. विशेषतः कडधान्यांचे भुंगेरे उभ्या पिकाच्या शेंगांवर अंडीं घालतात, आणि पाकोळीही उभ्या कणसांपर्यंत पोंचते. ह्यांपैकीं पहिल्या दोन वाटा पूर्णपणें आपल्या हातांतल्या आहेत.

ओल व ऊब

कीड आंत आली तरी तिची वाढ ओलीवर अवलंबून असते. ज्वारी, गहूं, बाजरी हीं तृणधान्यें साठवितांना त्यांतील ओलावा शेंकडा बारापेक्षां अधिक असूं नये. कडधान्यांत तो नऊ ते दहाच्या आंत असावा. दाण्यांतील ओलावा दहाच्या खालीं गेला कीं सोंड्याची वाढ जवळजवळ खुंटते. उलट ओलसर धान्यांत कीड तर वाढतेच, शिवाय बुरशीही येते, आणि कांहीं बुरशींचें विष माणसांस व जनावरांस अत्यंत अपायकारक असतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. किडेही श्वास घेतात, आणि त्या श्वासाबरोबर ऊब व वाफ बाहेर पडते. त्यामुळें जेथें कीड जमते तेथें धान्य गरम व दमट होतें, आणि जेथें तें गरम व दमट होतें तेथें कीड अधिक जमते. कणगींत हात घातला असतां एखाद्या जागीं ऊब लागली, तर तेथें शत्रूचें ठाणें बसलें असें खुशाल समजावें.

ओलावा ओळखण्याचें यंत्र आतां पुष्कळ बाजारसमित्यांत असतें. तें जवळ नसल्यास दाणा दातांखालीं धरावा; वाळलेला दाणा कट्‌ असा आवाज करून फुटतो, ओला दबतो. दुसरी परीक्षा मिठाची. कांचेच्या कोरड्या बाटलींत एक तृतीयांश धान्य व चमचाभर कोरडें मीठ घालून बूच बसवावें व बाटली चांगली हलवून कांहीं मिनिटें ठेवावी. मीठ कांचेस चिकटून राहिलें तर ओलावा पंधराच्या वर आहे असें समजावें. मीठ चिकटलें नाहीं म्हणजे धान्य बारावर आलें असें मात्र नव्हे. तेव्हां त्यानंतरही दोन उन्हं द्यावींत.

वाळवण ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या कोरड्या खळ्यावर दोन-तीन बोटें जाडीच्या थरांत घालावें व दिवसांतून चार-पांच वेळां पायानें किंवा दाताळ्यानें खालवर करावें. सायंकाळीं गोळा करून झांकावें, म्हणजे रात्रीचें दंव लागत नाहीं. उन्हांतील गरम धान्य मात्र तसेंच कोठींत भरूं नये. तें आंत निवतांना वाफ धरतें व ती वरच्या थरांत पाणी होऊन बसते. रात्रभर घरांत पसरून, पूर्ण निवल्यावरच भरावें.

भरण्यापूर्वींची सफाई

आमच्या मतें धान्य वांचविण्याचें निम्मेंअधिक काम येथेंच होतें.

नवें धान्य येण्यापूर्वीं पंधरा दिवस कणगी, बळद व कोठीची खोली पार रिकामी करावी. कोपरे, तुळयांच्या खांचा, उंबऱ्याखालील फटी ह्यांतील दाणा न् दाणा झाडून काढावा. तो केर उकिरड्यावर टाकूं नये. किडे तेथून परत येतात. तो जाळावा. भेगा मातीनें किंवा सिमेंटनें बुजवाव्या, उंदरांचीं बिळें कांचेचे तुकडे व सिमेंट घालून बंद करावीं, आणि कणगी आंतबाहेर सारवून कडकडीत वाळूं द्यावी. ओली सारवण असतां धान्य भरणें म्हणजे कोरड्या धान्यास आपणच पाणी पाजणें होय.

जुनीं पोतीं उलटीं करून झटकावीं, उकळत्या पाण्यांत बुडवून काढावीं आणि कडक उन्हांत वाळवावीं. शक्य तेथें बियाण्यासाठीं नवींच पोतीं घ्यावीं. मागील सालचें धान्य उरलें असल्यास तें वेगळ्या भांड्यांत, शक्य तर वेगळ्या खोलींत ठेवावें. जुनें नव्यांत मिसळूं नये, नव्यावर ओतूं नये, नव्याशेजारींही ठेवूं नये. हा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलों आहों.

कणगी, पेव आणि कोठी

बांबूच्या, तुरकाठीच्या किंवा निरगुडीच्या कणग्या आपल्या हवेस योग्य व स्वस्त आहेत. त्यांचें उणें एवढेंच कीं सारवणीस तडा गेला कीं कीड व उंदीर आंत शिरतात. कणगी जमिनीवर न टेकवितां दगड किंवा लांकडी ओंडक्यांवर ठेवावी, आणि भिंतीपासून दोन हात दूर असावी. पोत्यांची थप्पीही लांकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून लावावी.

जुन्या पेवांची रीति मोठी समंजस होती. सुक्या, पाणी न झिरपणाऱ्या जमिनींत खोल खड्डा करून, त्यांत धान्य भरून तोंड मातीनें पक्कें लिंपीत. आंत अडकलेले थोडे किडे व स्वतः धान्य मिळून तेथील प्राणवायु संपवितात, आणि मग किडे गुदमरून मरतात. सांगलीजवळ हरिपूर येथील हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळांत पाणी शिरून नुकसान झालें. म्हणजे पेवाचा खरा वैरी किडा नसून पाणी आहे. एक इशारा मात्र दिल्यावांचून राहवत नाहीं. जो वायुहीनपणा किड्यास मारतो तोच माणसासही मारतो. पेव उघडल्यावर एक दिवस तसेंच मोकळें ठेवावें. नंतर पेटता दिवा दोरीनें आंत सोडून पाहावा. दिवा विझला तर कोणीही उतरूं नये. तो तेवत राहिला तरी कमरेस दोर बांधून व वर दोन माणसें उभीं करूनच उतरावें.

पेवाचेंच तत्त्व आज हवाबंद पिशव्यांच्या रूपानें परत आलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत चवळीसाठीं तिहेरी पिशवीची पद्धति बसविली: आंत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या व बाहेरून विणलेलें पोतें. आपल्याकडेही अशा पिशव्या आतां मिळूं लागल्या आहेत. त्यांचें यश तीन गोष्टींवर अवलंबून आहे. धान्य पूर्ण वाळलेलें असावें; पिशवी दाबून भरून आंतील हवा काढून तोंड पिळून घट्ट बांधावें; आणि पहिला महिनाभर ती उघडूं नये. रोजच्या दळणासाठीं ती पिशवी उपयोगाची नाहीं. दळणाचें धान्य लहान डब्यांत वेगळें काढावें व मोठा सांठा बंदच राहूं द्यावा.

पत्र्याच्या कोठ्या आज घरोघर आहेत. उंदरांपासून त्या उत्तम रक्षण करतात. परंतु कोठी म्हणजे जादूची पेटी नव्हे. ओलें किंवा किडकें धान्य आंत घातल्यास तें तेथेंही तसेंच नासतें. कोठी उन्हाच्या झळीपासून दूर ठेवावी, काठोकाठ भरावी, आणि झांकणाची फट चिकटपट्टीनें किंवा मातीनें बुजवावी. मोठी कोठी स्वतः बांधणारांसाठीं नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें तयार केलेली पुसा कोठी आहे. कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती व त्यांच्यामध्यें प्लॅस्टिकचा अखंड कागद अशी तिची रचना असून त्यामुळें जमिनीची व हवेची ओल आंत जात नाहीं.

कडधान्यांची गोष्ट वेगळी

तूर, मूग, हरभरा, चवळी ह्यांचा भुंगेरा दाण्याच्या सालीवर पांढरीं, टिपक्यासारखीं अंडीं चिकटवितो. अळी थेट दाण्यांत शिरते. ती शेतांतूनच येत असल्यामुळें घराची सफाई कितीही केली तरी पुरेशी होत नाहीं. येथें उपाय दाण्यावरच केला पाहिजे.

वैशाखांतील उन्हाचा पुरा उपयोग करावा. काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर कडधान्य बोटभर थरांत पसरून वर पारदर्शक कागद घालावा व कडा दगडांनीं दाबाव्या. आंतील उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते आणि तासा-दोन तासांत दाण्यांतील अळीही मरते. बियाण्यास ही रीति लावण्यापूर्वीं मूठभर दाण्यांची उगवण पाहून घ्यावी. त्यानंतर किलोमागें पांच ते दहा मिलिलिटर खाद्य तेल किंवा एरंडेल दाण्यांस चोळावें. तेलाच्या पातळ थरानें अंडी गुदमरतात व नवीं अंडीं नीट चिकटत नाहींत. तूर भरडून डाळ करून ठेवण्याची आपली चालही शहाणपणाची आहे. ह्या भुंगेऱ्यास सालीसकट सबंध दाणाच मानवतो.

कोंकणांत व इतरत्र मूग, पावटे राखेंत ठेवितात, तेंही निराधार नाहीं. बारीक राख दाण्यांमधील पोकळी भरून काढते, त्यामुळें किड्यास हिंडतां येत नाहीं. शिवाय ती त्याच्या अंगावरील मेणासारखा थर खरवडते व तो सुकून मरतो. मात्र चिमूटभर राख घालून हा परिणाम मिळत नाहीं. ती भरपूर, चाळलेली व कोरडी पाहिजे. कडुनिंबाचा वाळलेला पाला किड्यांस कांहींसा दूर ठेवितो, आणि निंबोळीची भुकटी त्याहून अधिक गुणकारी आहे. परंतु ओल्या धान्यास पाला वांचवूं शकत नाहीं, आणि दाण्यांत शिरलेली अळी त्यानें मरत नाहीं. पाल्याला सोबती समजावें, तारणारा नव्हे.

विषारी औषधांविषयीं सावधगिरी

एके काळीं धान्यांत बी. एच. सी. ची पावडर मिसळण्याची वाईट चाल पडली होती. तें औषध आपल्या देशांत १९९७ पासून बंद आहे, आणि तें योग्यच झालें. आज सर्वांत अधिक भय आहे तें ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचें. हवेंतील ओलीनें त्यांतून फॉस्फिन नांवाचा अत्यंत विषारी वायु निघतो. ह्या वायूवर उतारा नाहीं. ह्या गोळ्यांची विक्री व वापर कायद्यानें सरकारी संस्था व परवानाधारक धुरी देणारांपुरता मर्यादित केला आहे. तरीही कोणी ओळखीनें दोन गोळ्या आणतो, माजघरांतील कोठींत टाकतो, आणि त्याच घरांत लेकरांबाळांसह निजतो. अशा प्रकारांत माणसें दगावलीं आहेत. राहत्या घरांत हा प्रयोग कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, करूं नये. दहा किलो ज्वारी किडली तर ती कोंबड्यांस घालतां येते. घरांतील माणूस परत आणतां येत नाहीं.

पावसाळ्यांतील देखरेख

धान्याची देखरेख बहुतेक घरांत स्त्रियांकडे असते, पण साठवणीचे निर्णय पुरुष घेतात. ज्यांच्या हाताला पहिलें पीठ लागतें त्यांचें म्हणणें प्रथम ऐकावें, अशी आमची सूचना आहे. दर पंधरवड्यास हात कोंपरापर्यंत घालून ऊब पाहावी, वास घ्यावा, चाळणींत दोन मुठी चाळून पाहाव्या. कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषि विद्यापीठानें एक साधा सांपळा प्रचारांत आणला आहे. बारीक भोंकें पाडलेली नळी धान्यांत उभी खोंचतात. हिंडणारे किडे भोंकांतून आंत शिरून तळाच्या भांड्यांत पडतात. त्यानें कीड डोळ्यांस दिसण्यापूर्वींच कळते. हवाबंद पिशव्या व पेवें मात्र ह्या तपासणीसाठीं उघडूं नयेत.

कीड आढळलीच तर केवळ चाळून समाधान मानूं नये. चाळणीनें बाहेरचे किडे जातात, दाण्यांतल्या अळ्या राहतात. उघडीप पाहून धान्य कडक उन्हांत घालावें, चाळावें, कणगी पुन्हा साफ करावी, आणि तीन-चार आठवड्यांनीं हेंच एकदां परत करावें. तोंपर्यंत आंत राहिलेले किडे बाहेर पडलेले असतात व त्यांनीं नवीं अंडीं फारशीं घातलेलीं नसतात.

सारांश, वाळवावें, झाडावें, वेगळें ठेवावें आणि कोंडावें. ह्या चार गोष्टींस पैसा थोडा व लक्ष फार लागतें. आमच्या बांधवांनीं सर्व धान्यास एकदम नव्हे, तरी येत्या सुगीस निदान एका कणगीस हे नियम तंतोतंत लावून पाहावे, व श्रावणांत ती कणगी शेजारच्या जुन्या पद्धतीच्या कणगीबरोबर उघडावी. दोहोंतील दाणा तळहातावर घेतला म्हणजे आम्हांस आणखी कांहीं लिहिण्याचें कारण उरणार नाहीं.